विमान ओके, सही बाकी

सातपूरच्या माणसाला कुठलीही वस्तू नुसती बघता येत नाही. तो ती उलटी करून बघतो. लग्नात आहेर म्हणून स्टीलचा डबा आला, तर घरचे लोक आत काय आहे ते बघतात आणि हा झाकण दोनदा फिरवून म्हणतो, "फिट जरा टाइट आहे." वेरूळला नेलं तर कैलास लेणं पाहून गहिवरत नाही, डोंगरातून एवढं मटेरियल काढलं, ते टाकलं कुठे, हा प्रश्न त्याला पडतो. साठच्या दशकात नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याला एमआयडीसी आली, तेव्हापासून इथल्या दोन-तीन पिढ्या व्हर्नियरला डोळा लावूनच मोठ्या झाल्या. मायक्रॉन हे आमच्याकडे घरगुती माप आहे. भाजीत मीठ जास्त झालं, तर ते दोन मायक्रॉननेच जास्त होतं.

या माणसांना जुन्या लढाऊ विमानांसमोर उभं केलं की काय होतं, ते पाहण्याचा योग आमच्या कॉलनीच्या गोवा सहलीत आला.

वास्तविक नाशिककराला विमानाची नवलाई नसावी. १९६३ साली संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांना नाशिककरांनी लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलं आणि पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. या दोन गोष्टींचा संबंध नाशिकचा माणूस छातीठोकपणे जोडतो आणि वर "तेव्हाचे पुढारी असे होते" असं म्हणून आजच्या पुढाऱ्यांचा हिशेब चुकता करतो. इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा ओझरला, अशी मिगची वाटणी होती. त्यातली एखादी बुश, एखादं ब्रॅकेट, एखादा वॉशर आपल्या शेडमधून गेला होता, असं सांगणारा माणूस सातपुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतो. पण पूर्ण विमान जवळून पाहिलंय का, असं विचारलं की तो चहात लक्ष घालतो. कारण ओझरची भिंत. आत विमान, बाहेर गेटपास. ज्याने आयुष्यभर बुश केली त्याला विमान दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. दुपारच्या झोपेत खिडकीची तावदानं थरथरली की आम्ही एवढंच म्हणायचो, "टेस्टिंग चालू आहे."

म्हणून गोव्याला गेल्यावर ठरलं, की बीच नंतर, आधी विमानं. वास्कोहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली सुरू झालं. दाबोळी विमानतळ अगदी शेजारी. सोमवारी ते बंद असतं. गोव्याचा सोमवार आणि संग्रहालयाचा दरवाजा यांची गाठ घालून देणारे ट्रॅव्हलवाले पुष्कळ असले, तरी आमच्या सुदैवाने तो मंगळवार होता.

बीचच्या रस्त्यावरचं संग्रहालय म्हणजे घराघरातला तंटा. नवऱ्याला विमानं बघायची असतात, मुलांना पाण्यात जायचं असतं आणि बायकोला यांपैकी कुठेतरी सावली आहे का एवढंच हवं असतं. मग अर्ध्या तासाची तडजोड होते. फुलाफुलांचे शर्ट घातलेले बाप भराभर विमानांसमोर उभे राहून फोटो काढून घेतात आणि प्रत्येक फोटोत एक हात पंख्यावर असतो. बाजूलाच पाटी असते, विमानांना हात लावू नये. ती पाटीही फोटोत येते.

या सगळ्यांचे प्रश्न तीनच. पहिला, "चालू आहे का?" दुसरा, "अ‍ॅव्हरेज किती देत असेल?" तिसरा जरा हळू आवाजात, "भंगारात घातलं तर किती येतील?" आणि एवढ्या साठ-सत्तर वर्षांच्या विमानांच्या मधोमध उभी असलेली ही सगळी मंडळी शेजारून इंडिगोचं विमान उडालं की माना वर करून तेच बघतात. लहान मुलं त्याला टाटाही करतात. नौदलाच्या विमानांना कोणी टाटा करत नाही.

आमची मंडळी वेगळी. आमच्यात टूलरूमवाले काका होते, क्वालिटीवाले दादा होते, पर्चेसवाले भाऊ होते. सातपुरात माणसाचं आडनाव विसरलं तरी चालतं, डिपार्टमेंट विसरून चालत नाही. हे तिघं आत शिरले, ते शॉप फ्लोअरवर शिरतात तसे, हात मागे बांधून.

पहिला मुक्काम पडला सुपर कॉन्स्टेलेशनपाशी. संग्रहालयातली सगळ्यात मोठी बाई. खरोखरच बाई, कारण एअर इंडियात असताना हिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. एअर इंडियाने आपल्या या विमानांना राण्यांची नावं दिली होती. वेरूळची म्हटल्यावर ती आमचीच झाली. बरोबरच्या वहिनींनी लगेच विचारलं, "मग ही इथे कशी?" त्या काळी मोठ्या घरच्या मुलींचं जे व्हायचं तेच झालं. तरुणपणी मुंबईहून परदेशाच्या वाऱ्या केल्या. जेट आली तशी हिची किंमत उतरली. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात गेली, १९७६ ला नौदलात आली, समुद्रावर टेहळणी केली आणि आता गोव्यात स्थायिक. घरात कोणी विचारत नसलं तरी पत्ता मात्र बोगमाळो बीचजवळचा.

तिच्या शेपटीला तीन उभे पंख आहेत. बाकीचे लोक "किती सुंदर" म्हणून पुढे गेले. टूलरूमवाले काका थांबले. "तीन कशाला? एक मोठा लावला असता तर काम झालं असतं." मी वाचलेलं सांगितलं, की एकच मोठा पंख लावला असता तर त्याची उंची इतकी झाली असती की त्या काळच्या हँगरमध्ये विमान शिरलंच नसतं, म्हणून एकाऐवजी तीन बुटके. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते गोव्याच्या समुद्राने नंतर दोन दिवसांत एकदाही आणलं नाही. "म्हणजे शेडची हाइट कमी पडली म्हणून डिझाइन बदललं!" ते म्हणाले. "अमेरिकेत पण असंच चालतं." अमेरिकेबद्दलचा त्यांचा आदर त्या क्षणी वाढला की कमी झाला, ते कळलं नाही, पण जवळीक नक्की वाढली.

मग इंजिनं. चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर, म्हणजे बहात्तर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. "एकशे चव्वेचाळीस," काका म्हणाले. "म्हणजे बारा डझन," पर्चेसवाले भाऊ तत्काळ म्हणाले, "एक ग्रोस! रेट चांगला बसला असेल." इंजिनं त्या काळची अत्यंत ताकदवान, पण लाडावलेली. वाटेत एखादं बंद पडणं इतकं नित्याचं, की चार इंजिनांच्या या विमानाला वैमानिक थट्टेने 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनी विमान' म्हणत. हे ऐकून क्वालिटीवाले दादा एकदम गंभीर झाले. "कस्टमर कंप्लेंट आली नाही?" त्यांनी विचारलं.

दादांचं खरं काम मात्र पोटाखाली चाललं होतं. ते वाकून रिव्हेटच्या ओळी बघत होते. जुन्या विमानाचा पत्रा म्हणजे हजारो रिव्हेट. हवा जिथे जोरात वाहते तिथे त्यांची डोकी पत्र्यात बुडवून सपाट केलेली. दादांनी पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि बोट पत्र्यापासून जेमतेम एक सूत दूर ठेवून ओळीवरून फिरवलं. हात लावला नाही, आणि लावल्याशिवायही राहिले नाहीत. एका जागी बोट थांबलं. रंगाखाली फोड आला होता. "इथे आत स्टीलचा स्क्रू असणार," ते म्हणाले. अ‍ॅल्युमिनियमला लोखंड टेकलं आणि त्यात समुद्राची खारी हवा लागली, की अ‍ॅल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतं. लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते आणि वरचा रंग फुगतो. गोव्याच्या उघड्या आवारात उभ्या असलेल्या विमानाचा खरा शत्रू हाच. रंगाचा नवा हात मारला की शत्रू दिसेनासा होतो, जात नाही. बाहेरून चकाचक, आतून भुकटी. "पेंटिंग म्हणजे रिपेअरिंग नव्हे," दादा म्हणाले, आणि हे वाक्य नोकरीत त्यांनी किती वेळा कोणाकोणाला ऐकवलं असेल याचा अंदाज त्यांच्या आवाजावरून आला.

दाबोळीला कॉन्स्टेलेशन उभं असण्यात एक गंमत आहे. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले, पण बाजूला उभी असलेली पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं सोडून दिली. त्यांतलं एक कॉन्स्टेलेशनच होतं. रात्री पोर्तुगीजांनी पट्टीचा उरलेला तुकडा जेमतेम नीट केला आणि अंधारात दोन्ही विमानं कराचीला पसार झाली. एक कॉन्स्टेलेशन गेलं ते गेलंच. भरपाई म्हणून वेरूळची राणी आली, ती मात्र हलायला तयार नाही.

पुढे एक छोटं, साधं, दोन जणांचं शिकाऊ विमान उभं होतं. एचटी-२. त्याच्यासमोर फोटोला कोणी उभं नव्हतं. इथे मात्र मला राहवलं नाही. हे भारतात आराखडा होऊन भारतातच बनलेलं पहिलं प्रशिक्षण विमान. १९५१ साली उडालं. करणारे विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला जाऊन प्रांटलसारख्या गुरूच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आले आणि बंगळूरला विमानं केली. आपल्या किरण जेटचा आराखडाही त्यांच्याच पथकाचा. मराठी माणसाला विमानाबद्दल विचारा, तो १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं म्हणून तासभर भांडेल. त्याचा पुरावा मागितला की तो तुम्हाला देशद्रोही ठरवेल. आणि ज्या घाटग्यांचं विमान इथे चाकांसकट उभं आहे, तिकीट काढून बघता येतं, त्यांचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. पुराव्याचं हेच दुर्दैव. पुरावा असला की वाद घालता येत नाही, आणि वाद नसला की मराठी माणसाचं लक्ष लागत नाही.

फायरफ्लाय नावाचं एक विमान पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातलं लढवय्यं. आपल्या नौदलात त्याला नोकरी मिळाली ती लक्ष्य ओढण्याची. मागे लांब दोरीला कापडी निशाण बांधायचं, ते ओढत सरळ रेषेत उडायचं आणि खालच्या जहाजांनी त्या निशाणावर तोफांचा सराव करायचा. वैमानिकाने मागे वळून न बघता खालच्यांच्या नेमावर विश्वास ठेवायचा. क्वालिटीवाले दादा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. "ऑडिटच्या दिवशी मला असंच पुढे पाठवायचे," ते शेवटी म्हणाले.

सीहॉक आणि अलिझे या जोडीपुढे मात्र सगळ्यांचे हात मागून पुढे आले. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर मारा केला तो यांनीच. पाट्यांवर हा पराक्रम लिहिलेला असतो आणि लिहायलाच हवा. पण टूलरूमवाल्या काकांना मी वेगळी गोष्ट सांगितली. लढाईच्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. विमानवाहू जहाजाला वेग लागतो; जहाज वाऱ्यावर जोरात गेलं तरच विमानांना उडायला पुरेसा वारा मिळतो. वेग घटलेला. नीट दुरुस्ती करायची तर जहाज महिनोन्‌महिने गोदीत. तरीही विक्रांत बाहेर पडलं, उरलेल्या बॉयलरांवर गेलं, लढलं आणि जिंकून आलं. काका हसले. "डिस्पॅच अर्जंट होतं," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी या दोन शब्दांपायी काय काय जुगाड करून चालवलं, त्याची यादी मग बस सुटेपर्यंत चालली.

त्या विक्रांतचं पुढे काय झालं ते मुंबईकराला विचारा. १९९७ ला निवृत्त झालं. काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिलं. २०१२ ला तेही बंद पडलं. २०१४ ला तोडायला घेतलं. त्याच्या पोलादातून बजाजने मोटारसायकलची टाकी काढली, २०१६ साली. रविवारी मिसळ खायला गंगापूर रोडला जाताना मांडीखाली १९७१ चं युद्ध घेऊन जाण्याची सोय झाली. जतनाचा हाही एक प्रकारच. पण त्यात बॉयलरवाल्यांची गोष्ट टाकीवर कोरायला कोणाला सुचलं नाही.

मला तिथे हिंडताना सारखं हेच जाणवत होतं. पाटीवर कोणत्या कारखान्याचं, कधी घेतलं, वेग किती, कोणत्या युद्धात, कोणत्या स्क्वाड्रनचं हे सगळं असतं. रोज पहाटे त्याचं कव्हर काढून, तेल बघून, रात्री दिव्याच्या उजेडात फुटलेला पाइप बदलून "ओके" म्हणणाऱ्याचं काही नसतं. उडवणाऱ्याला पदक मिळतं, दुरुस्त करणाऱ्याला ओव्हरटाइम; तोही मंजूर झाला तर.

आणि मोठमोठ्या विमानकथा खोदून पाहाव्यात, तर खाली पाना घेतलेला माणूस निघतो. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर या अजस्र बॉम्बफेकी विमानांचा ढीग लावला आणि ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मोडतोड करून ठेवली. स्वतंत्र भारताला अशी विमानं हवी होती आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा एचएएलच्या लोकांनी कानपूर गाठलं. याचं हे, त्याचं ते काढून एकेक विमान उडण्यापुरतं उभं केलं, आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे पक्की दुरुस्ती झाली. अशी चाळीसहून अधिक विमानं भंगारातून आपल्या हवाई दलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत कामावर राहिली. आज इंग्लंड, अमेरिका, कॅनडा इथल्या संग्रहालयांत जी लिबरेटर दिमाखात उभी आहेत, त्यांतली काही आपल्याकडूनच गेलेली आहेत. ही गोष्ट सांगितल्यावर पर्चेसवाले भाऊ हळहळले. "विकताना जरा रेट धरायला हवा होता."

अलीकडचं उदाहरण परशुराम डाकोटाचं. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटांची आठवण म्हणून एक जुनं डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे वैमानिक. विमानाची दुरुस्ती इंग्लंडात झाली आणि २०१८ साली ते ट्रकवरून नव्हे, स्वतः उडत भारतात आलं. नाव ठेवलं परशुराम. कोकण ज्याने समुद्र हटवून वसवलं म्हणतात त्याचंच नाव, त्यामुळे वहिनींचा एकच आक्षेप होता: ते चिपळूणला का नाही ठेवलं?

टूलरूमवाल्या काकांचा आक्षेप वेगळा. "त्यात मूळचं किती उरलं? इंजिन बदललं, वायरिंग बदललं, पत्रा बदलला, टायर बदलले. मग जुनं काय?" प्रश्न तसा गहन आहे आणि तत्त्वज्ञांनी त्यावर ग्रंथ लिहिलेत. पर्चेसवाल्या भाऊंनी तो एका वाक्यात सोडवला. "लॉगबुक जुनं."

आता मिग-२१ ची पाळी आहे. १९६३ ला आलं, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. आमच्याकडे अठ्ठावन्नला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवतात. याला चार वर्षं एक्स्टेन्शन मिळालं. आठशेच्या वर विमानं हवाई दलात येऊन गेली, त्यांतली कितीतरी ओझरला जोडलेली. ओझरची लाइन आता तेजसला लागली आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकचं पहिलं तेजस एमके-१ए उडालंसुद्धा. तेव्हा एखादं थकलेलं मिग सातपूरला मिळावं, असा ठराव परतीच्या बसमध्ये रत्नागिरीच्या अलीकडेच झाला.

ठराव एकमताने झाला, जागा मात्र ठरेना. पपया नर्सरीपाशी ठेवावं तर आयटीआय सिग्नलवाले नाराज. आयटीआयपाशी ठेवावं तर अशोकनगरला काय तोंड दाखवायचं? कुठेही ठेवलं तरी पहिल्या आठवड्यात एका पंखाला कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला जाणार, दुसऱ्या पंखाखाली वडापावची गाडी लागणार आणि नाकाच्या टोकाला दिवाळीत आकाशकंदील लटकणार, यावर सर्वांचं एकमत झालं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट पर्चेसवाल्या भाऊंनी गाडीवाल्याकडून महिन्याचं भाडं किती घ्यावं त्याचा हिशेब मांडला.

पाटीचा मजकूर मात्र तिथेच पक्का झाला. वेग, वजन, पल्ला खाली बारीक अक्षरात. वर ठळक: कोणत्या साली ओझरला जोडलं, जिग कोणी बसवला, रिव्हेटिंग कोणत्या शिफ्टला झालं, ओव्हरहॉल किती वेळा, कोणती बुश कोणत्या शेडमधून आली. शेवटी तीन रकाने: ऑपरेटर, सुपरवायझर, इन्स्पेक्शन. नावं मिळाली नाहीत तर टोकन नंबर टाकायचे. सातपूरला तेवढे पुरतात. नंबरावरून माणूस ओळखणारे अजून जिवंत आहेत.

फीत कापायला कोणाला बोलवायचं यावर दोन गट पडले, ते अजून पडलेलेच आहेत. क्वालिटीवाल्या दादांनी दोन्ही गटांना एकच अट घातली आहे. उद्घाटन कोणीही करा, नारळ कोणीही फोडा, पण त्याच्या आदल्या दिवशी विमान माझ्या ताब्यात पाहिजे.

"आणि रिजेक्ट केलंत तर?" मी विचारलं.

"बासष्ट वर्षं उडालेलं विमान मी कोण रिजेक्ट करणारा?" दादा म्हणाले. "पण रिमार्क मारल्याशिवाय सही होणार नाही."